खुडलेली पांढरी मुळी

कॉलेजात लागले तेव्हा माझं पहिलं काम कांद्याला मुळं आणायचं होतं. रुंद तोंडाच्या बाटलीत काठोकाठ पाणी भरायचं आणि कांद्याचा तळ पाण्याला नुसता टेकेल असा ठेवायचा. जास्त बुडला तर सडतो, वर राहिला तर सुकतो. तीन-चार दिवसांत खालून पांढरी मुळं लोंबायला लागतात. मग सकाळी मुलं यायची, मुळांची टोकं ब्लेडने कापायची, लाल रंगात भिजवून काचेवर चेपायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. मूळ लांब होतं ते टोकापाशी, म्हणून टोकच घ्यायचं. हे मला कुणी शिकवलं नाही, दरवर्षी तेच ऐकून कानात बसलं.

वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षं सेविका होते. भिवंडीत आमच्या आळीत हे सांगणं अवघड. शेजारणी विचारायच्या, "लॅबमध्ये म्हणजे रक्त तपासता का गं?" मी सांगायचे, नाही, झाडं. "झाडांना काय होतंय तपासायला?" असं म्हणून त्या हसायच्या. घरोघरच्या लूमच्या, यंत्रमागांच्या, खडखडाटात एवढं मोठ्याने समजावून सांगायचं माझ्या जिवावर यायचं. मग मी पण हसायचे.

आमच्या विभागाच्या मॅडमनी कॉलेजच्या दिवाळी अंकासाठी लिहून मागितलं होतं. मी नाही म्हटलं. चौथी शिकलेल्या बाईने तिथे काय लिहायचं? पण घरी मुलांची एक जुनी जर्नल पडली होती, एका बाजूला रेघा आणि दुसरी बाजू चित्रासाठी कोरी. रेघांच्या बाजूला लिहिते आहे. कोरी बाजू कोरीच राहणार, चित्र मला येत नाही.

माझं माहेर वज्रेश्वरीच्या पुढे डोंगराला लागून. लग्नाआधी मी आईबरोबर एका रोपवाटिकेत जायचे. वांगी, मिरची, झेंडू. पिशवीत रोप जास्त दिवस राहिलं की मुळं तळाला लागतात आणि गोल गोल फिरायला लागतात. तसंच लावलं तर रोप खुरटतं. म्हणून पिशवी बदलताना त्या मुळांची टोकं नखाने खुडायची. आईचं नख त्याच्यासाठीच वाढवलेलं असायचं. "टोक खुड, मंग बघ कशी दाढी येते," ती म्हणायची. यायचीच. टोक गेलं की मागच्या अंगाला बाजूने पांढरी मुळी फुटते, एकाच्या जागी दहा. मुळाला असंच वागवायचं असतं, हे माझ्या बोटांना अक्षरओळख व्हायच्या आधी कळलेलं होतं.

या बोटांमुळेच मला कॉलेजात मान होता. शेवाळातून नाजूक मूळ तुटू न देता धुऊन काढायचं तर मुलं मला हाक मारायची. बटाट्याच्या फोडीत मूळ धरून ब्लेडने त्याची इतकी पातळ चकती काढायची की पलीकडचं अक्षर दिसेल, हेही मला जमायचं. परीक्षेत घाम फुटलेल्या एक-दोन मुलांच्या काचेवर माझी चकती गेलेली आहे. ती मुलं आता शिक्षक आहेत, म्हणून जास्त लिहीत नाही.

पण एक गोष्ट लिहायलाच हवी. मी नवीन असताना तिथे एक जुने शिपाई होते. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. एकदा कपाट पुसताना माझ्या हातून एक बरणी पडली. कुणा जुन्या सरांनी डोंगरातून आणून औषधात ठेवलेला नमुना होता तो. आवाज ऐकून तेव्हाचे विभागप्रमुख आले आणि तात्यांवरच ओरडले, कारण कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असायची. तात्या खाली बघत उभे राहिले. मी फडकं हातात घेऊन दाराशी उभी होते.

नंतर काचा भरताना ते म्हणाले, "तुझ्या हातनं पडली ना?"

मी मान हलवली.

"मंग बोलायचं ना. देवानं तोंड दिलेलं हाय."

"भीती वाटली, तात्या."

"मला काय वाटत न्हाय?" एवढंच म्हणाले आणि चहा प्यायला गेले. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मी त्यांच्यासाठी नारळ नेला. बोलले मात्र नाही, त्यांच्याशीही नाही आणि सरांशीही नाही.

आता त्या झाडाबद्दल सांगते. पावसात आमच्या माहेरच्या डोंगरात ओढ्याकाठच्या ओल्या दगडांवर एक बारीक हिरवं झाड पसरतं. पानं माशाच्या खवल्यांसारखी, फूल नाही, बी नाही. आमच्याकडे त्याला नाव नाही, गुरंही तोंड लावत नाहीत. कॉलेजात त्याला सेलाजिनेला म्हणतात. दर श्रावणात मी भिवंडीहून बसने जाऊन ते ओल्या गोणपाटात बांधून आणायचे. बसमधल्या बाया विचारायच्या, कसलं औषध? मी म्हणायचे, पोरांच्या अभ्यासाचं.

त्या झाडाला जिथे काडीला फांदा फुटतो, तिथून एक पांढरा दोरा निघून खाली मातीकडे येतो. त्याला मोठं इंग्रजी नाव आहे, मी पाय म्हणते. पाय मातीला टेकला की त्याच्या टोकाला मुळं येतात. ती मुळं धुताना एक गोष्ट मी कैक वर्षं बघत होते. फाटा फुटला की दोनच. त्या दोनाचे पुन्हा दोन-दोन. बेचक्यासारखे. वांग्याच्या मुळासारखी बाजूने दाढी कधी दिसायची नाही. मी बघायचे आणि पुढचं मूळ धुवायला घ्यायचे. असं का, हे मी कधी विचारलं नाही. मॅडम वर्गात सांगत असतील, पण तेव्हा मी नळाखाली बरण्या धूत असायचे.

मी निवृत्त झाले त्या वर्षी नाझनीन नावाची मुलगी शेवटच्या वर्षाला होती. तिच्या अब्बांचे घरातच चार लूम. त्या आवाजात वाढल्यामुळे असेल, ती प्रयोगशाळेतसुद्धा मोठ्याने बोलायची आणि मग स्वतःच जीभ चावायची. तिने प्रकल्पाला हेच झाड घेतलं. मूळ किती वाढलं की दुभंगतं आणि पाणी कमी-जास्त केलं तर त्यात काही फरक पडतो का, एवढंच तिला बघायचं होतं. त्यासाठी तिने काचेच्या आठ चपट्या पेट्या करून घेतल्या. आत माती, काचेला लागून मूळ, वरून काळा कागद. दर आठवड्याला कागद उचलून ती काचेवर मार्करने मुळाच्या वाटेवर रेघ ओढायची, दर आठवड्याला रंग वेगळा. मी पाणी घालायचे. श्रावणात डोंगरातून झाडं मीच आणून दिली होती. पावसाळा संपला की ती तिथे वाळून दगडाला चिकटतात, मग पुढच्या पावसापर्यंत नवी मिळत नाहीत.

तिची पुढच्या शिक्षणासाठी बंगळुरूला निवड झाली होती. हा प्रकल्प वेळेत दिला तरच जागा पक्की. तिच्या घरातून कॉलेजचं दार बघितलेली ती पहिलीच. "मावशी, ये आठ डिब्बे माझे लूम आहेत," ती म्हणायची. "तान्याचा धागा तुटू देऊ नका."

दिवाळीच्या सुट्टीत तिच्या मामेबहिणीची शादी होती मालेगावला. किल्ली माझ्याकडे होती. जाताना तीन वेळा दारातून परत आली आणि पाणी किती घालायचं ते पुन्हा पुन्हा सांगून गेली. मी म्हटलं, "जा गं, झाडं माझ्या माहेरची आहेत."

ती गेल्यावर चार दिवसांनी मी कागद उचलले. मुळं तळाला पोचली होती आणि आडवी वळायला लागली होती. ते बघून माझ्या हाताला राहवेना. मी पहिली पेटी उघडली, माती ओली करून मुळं सोडवली आणि नखाने टोकं खुडली. अलगद, आईसारखी. पुन्हा तशीच लावून काच बसवली. मग दुसरी पेटी. पाच झाल्या तेव्हा वज्रेश्वरीच्या शेवटच्या बसची वेळ झाली, भाऊबीजेला माहेरी जायचं होतं. तीन पेट्या राहिल्या. बसमध्ये मला छान वाटत होतं. पोरगी परत येईल आणि दाढी बघून उडी मारेल, असं मनात येत होतं.

परत येऊन कागद उचलला तर काही नव्हतं. म्हटलं, थंडी आहे, उशीर लागेल. दहा दिवस झाले. खुडलेल्या जागा तपकिरी पडल्या, बाजूला एकही पांढरी मुळी नाही.  भावाकडून वांग्याची दोन रोपं मागवली, टोकं खुडली आणि फुटली तर म्हणून करून घेतलेल्या एका जादा पेटीत, तीच माती घालून, कोपऱ्यात ठेवली. सहाव्या दिवशी वांग्याला दाढी आली. म्हणजे माझं नख बरोबर होतं, मातीही बरोबर होती. ते झाडच वेगळं होतं, आणि ते मी सत्तावीस वर्षं हातात धरून ओळखलं नव्हतं.

सुट्टी संपली तशी नाझनीन आली, मेंदी लावलेल्या हातांनी तिने एकेक कागद उचलला आणि मॅडमना हाक मारली. मॅडम धावत आल्या. भिंग लावून म्हणाल्या, "बुरशी लागली असणार. टोकं मेलीत."

"नळाचं पाणी असेल, मॅडम," नाझनीन म्हणाली. "त्यात काय काय येतं." मग तिला रडू फुटलं. "अम्मी म्हणत होती, नको जाऊ, शादी काय तुझी आहे? मीच ज़िद केली. माझंच चुकलं."

मी फडकं घेऊन टेबल पुसत होते. मला कुणी काही विचारलंच नाही. गप्प राहायला एवढं पुरेसं होतं. बुरशी होती, पाणी होतं, तिचं शादीला जाणं होतं, माझ्यापर्यंत कुणाचा हात येणारच नव्हता. दोन दिवस मी तशीच पुसत राहिले. तिने वहीत बुरशी असं लिहूनही टाकलं. तिसऱ्या दिवशी तिने पहिली पेटी उचलून माझ्या हातात दिली.

"मावशी, ये पाच फेकून द्या. तीनच दाखवीन, काय होईल ते होईल."

मी पेटी मोरीत ठेवली आणि नळाला हात लावला. कुठून कुणास ठाऊक, तात्यांचा आवाज कानात आला. मी तिच्याकडे न बघता म्हटलं, "बुरशी नाही ती."

"क्या?"

"मी खुडली."

"काय खुडली?"

"टोकं. पाची पेट्यांची. नखाने."

तिने मोरीतली पेटी उचलून पुन्हा टेबलावर ठेवली. मग तिने हळू आवाजात विचारलं, "का?" तिला इतकं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"पांढरी मुळी यावी म्हणून. तळाला लागली होती गं. रोपांना आम्ही असंच करतो."

"फोन करायचा ना."

"एवढ्यासाठी काय फोन, असं वाटलं."

"एवढ्यासाठी?" आता तिचा आवाज चढला. "तीन दिन से मैं रो रही हूँ, मावशी. आणि तुम्ही समोर पोछा मारताय. एक बार बोल तो देते!"

दप्तर उचलून ती निघून गेली. डबा टेबलावरच राहिला. मी तो धुतला, पुसला आणि तिच्या कपाटात ठेवला. दुसरं काय करणार होते?

मॅडमना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्या काही बोलायच्या आत खुडलेली एक पेटी आणि वांग्याची पेटी नेऊन त्यांच्यासमोर ठेवली, कारण तोंडाने समजावणं मला जमलं नसतं. त्यांनी दोन्ही पेट्या शेजारी धरल्या. भिंग लावून टोकं बघितली.

"हे वांगं तुम्हाला लावायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. माझं नख चुकलं का, ते बघायचं होतं."

त्यांनी मला समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. त्या खोलीत मी पहिल्यांदा बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. वांग्याच्या मुळाला नवं मूळ बाजूने फुटतं, आतून, साल फोडून. म्हणून टोक गेलं तरी त्याला मागून पुन्हा सुरुवात करता येते. सेलाजिनेलाचं घराणं फार जुनं. त्याच्या मुळाचं सगळं टोकातच असतं. टोकाचेच दोन भाग होतात, एकाची दोन टोकं होतात आणि दोन्ही आपापल्या वाटेने जातात. बाजूने काही येत नाही. टोक गेलं की त्या मुळाचं पुढे काही नाही.

मी विचारलं, "असं का?" विचारायला सत्तावीस वर्षं लागली.

मॅडम म्हणाल्या, "जमिनीवर आलेल्या पहिल्या झाडांना मुळंच नव्हती, मावशी. नुसत्या आडव्या काड्या आणि त्यांना बारीक केस. मूळ नंतर आलं, आणि सगळ्यांना एकाच ठिकाणाहून मिळालं नाही. या घराण्याने आपलं आपण काढलं, वांग्याच्या पूर्वजांनी आपलं. म्हणून फुटायच्या रीती वेगळ्या. कोळशाच्या खाणीत या घराण्यातल्या मोठाल्या झाडांची मुळं दगड होऊन सापडतात ना, त्यांचेसुद्धा असेच दोन-दोन फाटे असतात."

म्हणजे माझ्या आईच्या नखापेक्षा ही रीत जुनी. 

नाझनीन चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी ती आणि मॅडम दोघी आल्या. ठरलं होतं ते असं, की जे बिघडलं तेच नीट बघायचं, टोक गेल्यावर हे झाड पुढे काय करतं. पण माझ्या खुडण्याची कुठे नोंद नव्हती, कोणत्या पेटीतली किती टोकं खुडली ते मलाही आठवत नव्हतं. म्हणून उरलेल्या तीन चांगल्या पेट्यांपैकी दोनांतली टोकं आता मोजून, तारीख टाकून खुडायची. एक पेटी तशीच ठेवायची.

नाझनीनने ब्लेड घेतलं. मुळापाशी नेलं आणि मागे घेतलं. पुन्हा नेलं.

"मेरे से नहीं होगा," ती म्हणाली. "इतके महिने ज्याच्या मागे रेघ ओढली..." मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, तुम्ही करा. तसंच. नखाने."

मी म्हटलं, "पोरी, नको. मी हात लावणार नाही म्हणून देवाला सांगितलंय."

"मी पण सांगते ना, लावा म्हणून."

मी हात धुतले. पहिल्या वेळेला मी पाच पेट्या न थांबता उरकल्या होत्या. या वेळेला पहिलं टोक नखात धरायला तीनदा प्रयत्न करावा लागला. ती शेजारी वही घेऊन मोजत होती, "एक... दोन... रुकिए, रेघ ओढते... तीन." दोन पेट्या झाल्या तेव्हा आम्हा दोघींच्या कपाळाला घाम होता. मग तिने तिचा डबा उघडला आणि अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवली.

खुडलेल्या मुळांना शेवटपर्यंत काही फुटलं नाही. मात्र एका सकाळी मी दार उघडायच्या आधीच ती जिन्यात उभी होती, आणि कागद उचलल्याबरोबर तिने पूर्ण मजला ऐकेल असा आवाज दिला, "मावशी, पाय!" वर काडीच्या फांद्यापाशी नवा पांढरा दोरा निघाला होता. खालून मार्ग बंद झाला म्हणून झाडाने वरून दुसरा पाठवला होता. पुढे तो मातीला टेकला आणि त्याला मूळ आलं.

पाण्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला. तिला खरं बघायचं होतं ते तिला बघता आलं नाही, आणि ते माझ्यामुळे. प्रकल्प वेळेत गेला, म्हणून ही गोष्ट गोड करून सांगता येते. नसता गेला तर मी ही वही उघडली नसती.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक सर आले होते. मी चहाचा ट्रे घेऊन दाराबाहेर उभी. आतून त्यांचा आवाज आला, "पहिल्या पाच पेट्यांपुढे तुम्ही लिहिलंय, टोकं खुडण्याचं कारण, बाजूने मुळं येतील अशी अपेक्षा. या झाडात अशी अपेक्षा कोण करेल?"

मला वाटलं, आता ती बुरशी म्हणेल. म्हणाली असती तरी चाललं असतं.

"आमच्या मावशी, सर," नाझनीन म्हणाली. "त्यांना वांगी माहीत आहेत. ते कारण त्यांनीच सांगितलं, मी तसंच लिहिलं. बाहेर उभ्या आहेत."

त्यांनी मला आत बोलावलं. ट्रे ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे कागद. मी तो धरूनच उभी राहिले, कप वाजत होते. सरांनी वर बघितलं.

"वांग्याला टोक खुडल्यावर किती दिवसांत नवी मुळं दिसतात, मावशी?"

परीक्षेच्या खोलीत मला कुणी काही विचारावं आणि मी उत्तर द्यावं, असं कधी झालं नव्हतं. मॅडमकडे बघितलं, त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"थंडीत सहा दिवस," मी म्हटलं. "उन्हाळ्यात चार. माती ओली हवी, पण पाणी साचलेलं नको."

सरांनी ते लिहून घेतलं. कप वाजायचे थांबले होते.